एका मापाच्या दोन सायकली

ज्वारी कणसाला आली की आमच्या गावाला एक वास सुटतो. ओल्या धाटाचा, हरभऱ्याच्या आंबूस पाल्याचा, आणि घराघरात मडक्यात मुरत ठेवलेल्या आंबिलीचा. हा वास आला की येळवस जवळ आली म्हणून समजायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या वासानं मला कधी घरात बसू दिलं नाही. यंदा मात्र तो आला आणि मी ओसरीवर नुसती बसून राहिले. चूल पेटवायची सुद्धा आठवण राहिली नाही.

आमच्या धाराशिव-लातूरकडं मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस म्हणतात. बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगते. त्या दिवशी सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप घालायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांची पूजा करायची आणि मग पोटाला तडस लागेस्तोवर जेवायचं. सतरा भाज्या आणि ओले दाणे एका पातेल्यात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, वर लसूण ठेचून घातलेली गार आंबील. आणि एक शिरस्ता असा, की त्या दिवशी बांधाजवळनं जाणाऱ्याला तसं जाऊ द्यायचं नाही. ओळखीचा असो, परका असो, वैरी असो, हाक मारायची. जेवण नको म्हणाला तर निदान आंबील तरी पाजायची.

दरवर्षी आमच्या रानातली पूजा उरकली की दुपारनं मी कमलच्या रानात जायचे. त्याला बोलावणं लागत नव्हतं. यंदा तिनं बोलावलं नाही आणि मीही आपसूक निघाले नाही. पण तिच्या रानाला लागूनच धरणाचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यानं मी आता सायकलवर जाते. मग मनात एकच घोळायला लागलं. आपण तिथनं गेलो, तर कमल हाक मारील का?

कमल आणि मी एकाच उन्हाळ्यात ह्या गावात नांदायला आलो. भिंतीला भिंत लागून घरं. उंची एक, अंग एक, नाक मुरडायची तऱ्हा सुद्धा एक, असं आमच्या सासवा म्हणायच्या. गावातल्या शिंप्याकडं मापाचा झंपर द्यावा लागतो. म्हणजे अंगाला नीट बसलेला जुना झंपर, त्यावरनं तो नवा शिवतो. आम्ही दोघी मिळून एकच झंपर द्यायचो. तो बहुतेक तिचाच असायचा. शिंपी विचारायचा, ह्यातलं कुणाचं कोणतं? कमल म्हणायची, कुणाचंबी कुणाला दे, माप एकच हाय. चपला सुद्धा अदलाबदल व्हायच्या. माणसं म्हणायची, ह्या दोघींना देवानं एका साच्यात घातलंय. ऐकायला किती गोड वाटायचं ते.

सायकल आम्ही शिकलो ती सुगीत. कमलच्या मालकांची काळी, जडशीळ सायकल. मधला दांडा आडवा येतो म्हणून दांड्याखालनं पाय घालून हाफ पायडल मारायचं, लुगड्याचा काष्टा खोचून. काढणीच्या बायकांची न्याहारी रानात पोचवायची म्हणून आम्ही ती सायकल मागून घ्यायचो, आणि न्याहारी बाजूला राहून रस्ताभर हसणंच जास्त व्हायचं. ज्वारीच्या दोन्ही अंगच्या भिंती, मधनं पांढरी फुफाट्याची वाट. वरनं पाखरं उडायची. मला अजून आठवतं, पहिल्यांदा तोल सावरला आणि चाक आपल्या आपण पळायला लागलं, तेव्हा मला वाटलं आपण कुणाचीच सून नाही.

एकदा ओढ्याच्या उतारावर दोघी पडलो. मी पायडल मारत होते, कमल मागं कॅरिअरवर टोपलं धरून. भाकरी पाण्यात, कमलचा गुडघा फुटला आणि चाकाचा झाला आठ. तिची सासू मोठी करडी बाई. अंगणात उभं करून तिनं विचारलं, दुसरी कोण व्हती गं? मी कुडाच्या पलीकडं श्वास धरून ऐकत होते. माझ्या घरी कळलं असतं तर मला माहेरी धाडलं असतं. कमल म्हणाली,

"कुणी न्हाय. मी एकटीच व्हते."

रात्रीचं जेवण तिला मिळालं नाही. पण माझं नाव तिनं घेतलं नाही. पुढं कितीतरी वर्षं ह्या एका वाक्यावर मी निर्धास्त जगले. कुणाला सख्खी बहीण असते, मला ते वाक्य होतं.

मग सायकल सुटली. लेकरं, जनावरं, सासूचं आजारपण, कुणाची लग्नं. पोरं मोठी होऊन शहराला गेली. गुडघे बोलायला लागले. मी शाळा चौथीपर्यंतच शिकले, बाकीचं वाचन दुकानातनं आलेल्या पुडीच्या कागदावर झालं. पण पोरानं फोन घेऊन दिल्यापासून त्यावरही वाचते. गेल्या वर्षी पावसाळा सरताना एक दिवस कमल आली, चष्मा कपाळावर आणि डोळ्यांत तीच जुनी चमक. तिनं धरणाच्या रस्त्यावर कुणी शहरी बायका सायकलीवर जाताना बघितल्या होत्या. आपल्या वयाच्या, केस पांढरे झालेल्या. म्हणाली, शकू, आपण दोघी घेऊ. सकाळी माकणीच्या धरणापत्तोर जाऊ, भिंतीवर बसू, येऊ. मी म्हणाले, गुडघा. ती म्हणाली, गुडघ्यालाच तर बरं असतंय. मी म्हणाले, माणसं हसतील. ती म्हणाली, हसू दे. आपण दोघी असल्यावर काय.

हे ध्यानात ठेवा. कल्पना तिची होती.

घरी सांगायचं नाही, हेही तिचंच. आधी घेऊ, मग दाखवू, म्हणजे कुणाला अडवायला जागा राहणार नाही. म्हणून डोळ्याच्या डॉक्टराचं नाव सांगून आम्ही एसटीनं धाराशिवला गेलो. आमचे हे भोळे. जाताना म्हणाले, येताना चष्म्याची काच पुसून घे गं. मी त्यांच्याशी खोटं बोलले ते कमलच्या शब्दाखातर.

दुकानदारानं आधी आम्हाला पुढं जाळी असलेल्या सायकली दाखवल्या.

"मावशी, ह्या बघा. भाजीपाला मावतोय ह्यात."

कमल म्हणाली, "भाजी आमच्या रानातच हाय, भाऊ. ती आणायला धाराशिवची सायकल कशाला?"

तो हसला आणि मग नीट विचारायला लागला. कुठल्या रस्त्यानं जाणार, किती लांब, सोबत ओझं काय. कमल म्हणाली, डांबरी रस्ता, ओझं आमचं आमीच. मग त्यानं जाडजूड टायरची, पुढं स्प्रिंगा असलेली एक दाखवली. ती उचलून बघितली तर वासराएवढी जड. डांबरावर ती ओढत न्यावी लागेल, हे त्यानंच सांगितलं. मग भिंतीवरनं काढली ती तिसरी. बारीक अंगाची, हलकी, एका हातानं उचलली जाईल अशी, आणि हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. रोड बाईक म्हणतात म्हणे तिला. आमच्याकडं बाईक म्हणजे फटफटी, म्हणून मी तिला सायकलच म्हणते.

किती बघायचं असतं एका सायकलीत. आम्हाला वाटायचं रंग बघायचा आणि घंटी वाजवायची, झालं. रंग सगळ्यात शेवटी, असं तो म्हणाला. आधी मधला दांडा दोन्ही पायांमध्ये घेऊन, पाय जमिनीला टेकून उभं राहायचं, दांडा आणि आपण यांत मोकळी जागा राहिली पाहिजे. मग बसून टाच पायडलवर ठेवायची, पाय खाली गेल्यावर गुडघा सरळ झाला पाहिजे. सीट खाली ठेवली की पाय टेकतात म्हणून बरं वाटतं, पण सगळा भार गुडघ्यावर येतो. गादी मऊ बघून भुलायचं नाही, मऊ गादी लांब गेल्यावर जास्त चिमटे काढते. शर्यतीवाल्यांचं हँडल लई खाली असतं, बरीच वर्षं सायकल सुटलेल्या माणसानं जरा वर असलेलं घ्यावं. टायर अगदी दोरीसारखं नको, आमच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेले खड्डे असतात, दोन बोटं रुंद असलेलं बरं. आणि मागं मोठं चक्र असलेला गिअर हवा, म्हणजे धरणाचा चढ बसून चढता येतो.

माप घ्यायची वेळ आली तेव्हा कमल पुढं झाली. मी सवयीनं मागं राहिले. दुकानदार म्हणाला, आता तुम्ही या. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, आमचं माप एकच हाय. झंपराचं जे, तेच सायकलीचं. त्यानं आम्हाला शेजारी उभं करून उंची बघितली, मान हलवली. ठीक आहे म्हणाला, दोन्ही एकाच मापाच्या मागवतो. तिला पिस्ता रंगाची, मला लाल.

मग मी तिथली एक सायकल दुकानामागच्या मोकळ्या जागेत चालवून बघितली. मुद्दाम पंजाबी ड्रेस घालून आले होते. पहिल्या झटक्याला पुढचं चाक डगमगलं. दुसऱ्याला पाय आपोआप फिरले. आणि सांगते, अंग विसरत नाही काहीच. मनानं टाकून दिलेलं अंगानं कुठंतरी जपून ठेवलेलं असतं. मी वळून आले, हँडल धरून उभी राहिले आणि मला रडू आलं. कमलनं पाठीवर हात ठेवला. तिला मी सांगितलं, जे कुणाला सांगितलं नव्हतं. की मला भिंतीला टेकून बसलेली म्हातारी व्हायची भीती वाटते. माझी सासू तशी बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याची पावलं मोजत, आणि शेवटी शेवटी कुणी तिच्याकडं बघायचं सुद्धा नाही. कमल म्हणाली, आपण न्हाय बसायचं तसं.

मग येळवस आली. गेल्या वर्षीची. ऊन कोवळं, करडईला नुकत्याच कळ्या, कमलच्या कोपीत आम्ही सगळे गोल बसलो होतो. तिचा मुलगा, सून, पाव्हणे, आमचे हे. कमल भज्जी वाढत होती, दोन्ही हात भरलेले. तिचा फोन वाजला. मुलानं उचलला आणि मोठ्या आवाजावर लावला, आईला ऐकू जावं म्हणून.

"मावशी, तुमच्या दोन्ही सायकली आल्या बघा. लाल आणि पिस्ता. कधी येताय दोघी चालवून बघायला?"

 मग सून फिसकन हसली, मग मुलगा, मग पाव्हणे. म्हातारपणी शर्यत लावताय का आई, असं कुणीतरी म्हणालं. मी कमलकडं बघितलं. मला वाटलं, आता ती काहीतरी खमकं बोलेल, दुकानात बोलली तसं. आणि मग मीही बोलेन.

कमल म्हणाली, "माझी कशाची सायकल? हे सगळं शकूचं खूळ. म्या आपली सोबतीला गेलते."

एवढ्यावर थांबली असती तर मी गिळलं असतं. पण सगळे हसतायत म्हटल्यावर तिला आणखी चढलं. हातातला भज्जीचा डाव तसाच आडवा धरून ती उठली आणि मी हँडल कसं धरलं होतं, कशी हुंदके देत होते, ते करून दाखवलं. म्हणाली, भिंतीला टेकून बसायचं भ्या वाटतंय म्हणं हिला. माणसं पोट धरून हसली. मीसुद्धा हसले, काय करणार. ताटातली भज्जी गार होऊन गेली. आमचे हे एकटे हसत नव्हते, आणि मला तेच सगळ्यात जास्त लागलं.

परत येताना बांधावरनं ते पुढं, मी मागं. ओढ्यापाशी आल्यावर ते न वळता म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी आलो असतो की दुकानात."

ओढ्यात पडलो तेव्हा तिचं एक वाक्य होतं, मी एकटीच व्हते. आता दुसरं, म्या नव्हतेच. दोन्ही खोटी. पहिल्यानं मला वाचवलं, दुसऱ्यानं सगळ्यांत एकटीला उभं केलं. आणि बोलणारं तोंड तेच. तेव्हा तिच्यापुढं करडी सासू होती, जेवण तुटणार होतं, मार बसला असता, तरी ती डगमगली नाही. आता काय होतं पुढं? लेकासुनेचं हसू. मला अजून उमगलेलं नाही, माणूस माराला भीत नाही आणि हसण्याला कसा भितो. की वयानं तिला एवढं हलकं केलं, की मीच तिचं वजन जास्त धरलं होतं इतकी वर्षं?

मग सायकल घेतली मी, आमच्या ह्यांना बरोबर घेऊन. लाल. दुकानदारानं विचारलं, दुसऱ्या मावशी? मी म्हणाले, त्यांचं न्हाय जमत. पिस्ता रंगाची सायकल भिंतीला तशीच टेकवून ठेवली होती. माझी नजर राहून राहून तिकडं जात होती.

पण गंमत बघा. सायकल चालवायला लागले आणि माझी मान धरली. खांदे भरून यायचे, तळहाताला मुंग्या. धरण तर लांबच, माळावरच्या वळणापर्यंत जाऊन परत यायचे. बाया म्हणायच्या, वयाचं बघायला पायजे काकू. मलाही वाटायला लागलं, कमलचंच खरं, खूळच हे. एकटीनं सायकल चालवण्यात एक वाईट असतं, थकलं की आपलंच ऐकावं लागतं.

शेवटी परत दुकानात गेले. त्यानं मला सायकलीवर बसवलं, बाजूनं बघितलं आणि म्हणाला, हे माप तुमचं न्हायच. पाय बरोबर हाय, पण तुमचा हात आखूड हाय मावशी, ताणून धरताय तुम्ही. चूक माझी पण हाय, तुम्हाला बसवून बघायला पायजे व्हतं. त्यानं हँडल धरणारा पुढचा लोखंडी तुकडा बदलून आखूड बसवला, हँडल जवळ आणि थोडं वर आलं. मी बसले. कोपर जरा वाकला, खांदे आपोआप खाली आले. इतक्या दिवसांचं मानेवरचं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं झालं.

एसटीत बसून मी माझ्या दोन्ही हातांकडं बघत आले. इतकी वर्षं तिच्या मापाचे झंपर घातले. काखेत काचायचे, बाह्या लांब यायच्या, मी मुडपून घ्यायचे. कधी मनात आलं नाही की माप वेगळं असेल. आपलंच अंग वाकडं आहे असं वाटायचं.

त्यानंतर मी धरणावर गेले. काय सांगू. सकाळचं पाणी असं पडून असतं की त्यावर पाय ठेवावासा वाटतो. चढाला हलका गिअर टाकायचा आणि घाई करायची नाही, पाय फिरत राहतात, चढ आपल्या आपण सरतो. उताराला डोळ्यांत पाणी येतं, ते वाऱ्यानं. भिंतीवर बसताना मात्र मी अजून एका कडंला बसते. शेजारी जागा ठेवून बसायची सवय जात नाही.

आणि परवा यंदाची येळवस झाली. आमची पूजा झाली, जेवणं झाली. मी हेल्मेट घातलं तसे हे म्हणाले, आज राहू दे की सायकल. मी हनुवटीखाली पट्टा लावला. मग म्हणाले, जा, बघून ये. ओळखलं त्यांनी.

कमलची कोप लांबनंच दिसली. ती बांधावर उभी होती, हातात आंबिलीचा तांब्या. मी वाकून चालवत होते, डोक्यावर हेल्मेटचं टोपडं, डोळ्याला काळा चष्मा. तिनं हात वर केला.

"या हो पाव्हणं, आंबील पिऊन जावा. येळवशीला तसं जाऊ न्हाय."

मला हाक मारली, आणि मला नाही मारली. मी थांबले. सायकल बाभळीला लावली आणि हेल्मेट काढलं. तिचा हात तांब्यावर तसाच राहिला.

"शकू व्हय," म्हणाली. मग पेला भरून पुढं केला. आंबील गार होती, लसूण तिच्याच हातचा. मी सगळी प्यायले.

ती सायकलीपाशी गेली, हँडलवर हात ठेवला, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा. "चेष्टाच केलती गं म्या. एवढं वरीसभर धरून बसायचं?"

"हसल्याचं काय न्हाय, कमल. मीबी व्हते, एवढं म्हणायला पायजे व्हतंस."

तिनं कोपीकडं वळून बघितलं. आत माणसांचा गलका चालला होता. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "बसू का एकदा? कुणाचं ध्यान न्हाय. माप तर आपलं एकच हाय."

डोळ्यांत तीच चमक होती बघा. माझं काळीज हललं. खोटं नाही सांगत, हललं.

मी म्हणाले, "न्हाय, माझा हात आखूड हाय. पण बस. कोपीतल्यांना हाक मार, म्हण बघा रे. मी धरते मागनं."

तिनं माझ्याकडं बघितलं, कोपीकडं बघितलं. हँडलवरचा हात काढून पदराला पुसला आणि तांब्या उचलला.

"अजून घालू का आंबील?"

मी पेला तिच्या हातात दिला, हेल्मेटचा पट्टा लावला आणि निघाले. पुढं धरणाचा चढ लागतो. मी हलका गिअर टाकला. मागनं एक फटफटी येत होती, कुणीतरी परक्या गावचा माणूस असावा. कमलनं त्यालाही हाक मारली, तशीच, तेवढ्याच गोड आवाजात.